फुकटची इडली

गोव्यात विमानाने जाणाऱ्या माणसाला "कुठे चाललास?" असं आधी कोणी विचारत नाही, "दाबोळी का मोपा?" असं विचारतात, कारण विमानतळ दोन. 5 जानेवारी 2023 ला मोपाहून विमानं उडायला लागली आणि तेव्हापासून आम्हा फोंडेकरांचा ठरलेला उद्योग म्हणजे मोपाचं तिकीट स्वस्त दिसलं की काढायचं आणि मग टॅक्सीवाल्याचा आकडा ऐकून गप्प बसायचं. त्यात पर्वरीला फ्लायओव्हरचं काम, म्हणून मुंबईच्या सव्वा तासाच्या फ्लाईटसाठी बायको आम्हाला काळोखात घराबाहेर काढते, आणि नेमकं त्या दिवशी पर्वरीत चिटपाखरू नसतं. सिक्युरिटी उरकून अडीच तास हातात. मग लाऊंजचा, म्हणजे विमानतळावरच्या त्या बऱ्या खुर्च्यांच्या आणि खाण्यापिण्याच्या खोलीचा, विषय निघतोच.

"अहो, फुकट आहे ना आपल्या क्रेडिट कार्डावर, मग काय झालं जायला?"

फुकट! दारात मशीनवर 2 रुपये कापतात ते सोडा. पण आमच्या बँकेची अट अशी की मागच्या तिमाहीत 35,000 रुपये खर्च केलेले असतील तरच या तिमाहीत आत सोडणार. म्हणजे मे महिन्यात लाऊंजमध्ये इडली खायची तर मार्च संपायच्या आत फ्रीज घ्यायला पाहिजे. आम्ही घेतला. जुना व्यवस्थित चालत होता, तो आता मागच्या पडवीत आहे आणि त्यात कोकमाची सोलं ठेवलीयत.

बरं, एवढं करून फुकट कोणाला, तर ज्याच्या नावावर कार्ड त्यालाच. बाकीच्यांचे पैसे भरा. आता बायको आणि मुलगा बाहेर स्टीलच्या खुर्चीवर आणि मी आत एकटा उपमा खातोय, हे दृश्य ज्याला जमेल त्याने संसार केला असं मी म्हणणार नाही. पुण्याचा मेहुणा या विषयातला तज्ज्ञ, तो म्हणाला भावोजी, ॲड-ऑन कार्ड काढा, म्हणजे तुमच्याच खात्यावर ताईच्या नावाचं दुसरं कार्ड. काढलं. मुलाचे पैसे तरीही रोखच.

आणि आत काय असतं? आधी बाहेर रांग, मंगेशीला जत्रेत महाप्रसादाला असते तशी, फक्त इथे पुढच्याच्या हातात ताटाऐवजी मोबाईल. आत गेल्यावर माणसं पोहे, त्यावर पास्ता, त्यावर केक अशी सकाळी आठ वाजता वसुलीला बसलेली. मीही बसतो, खोटं का बोलू, 35,000 डोक्यात असतात. नजर सारखी घड्याळाकडे, कारण गेट उड्डाणाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं आणि आत अनाउन्समेंट ऐकू येईलच असं नाही. एवढ्या टेन्शनमध्ये इडली घशाखाली उतरत नाही, आणि उतरली तरी गोव्यातून निघताना शेवटचा घास म्हणून गार इडली का खायची? वाटेत म्हापसा लागतं. तिथे पातळ भाजी, गरम पाव, एक मिरची आणि चहा, शंभराच्या नोटेत दोघांचं भागतं आणि कोणी मागच्या तिमाहीचा हिशेब मागत नाही.

म्हणून माझं मत आता पक्कं झालंय. पोटासाठी लाऊंजला जाऊ नये. जून-जुलैत धो धो पाऊस आहे, फ्लाईट तीन तास लेट दाखवतायत, सोबत गुडघे दुखणारी आई आहे, तर डोळे झाकून जावं, तिचेही पैसे भरावेत, कारण तिथली बरी खुर्ची, जवळचा टॉयलेट आणि चार्जिंगचा पॉइंट यांनाच खरी किंमत आहे. (कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर 2024 मध्ये 10 रुपयांत चहा देणारा कॅफे सुरू झाला, तसे सगळीकडे झाले तर या लाऊंजवाल्यांची निम्मी गर्दी तिकडे पळेल असं मला वाटतं.)

बायकोला हे पटलेलं नाही. दिवाळीत पुण्याला जायचंय, म्हणजे सप्टेंबरअखेर आकडा गाठायला हवा, आणि तिच्या वहीप्रमाणे अजून चार हजार कमी आहेत. परवा चतुर्थीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं, सामान घेताना तिने विकणाऱ्या बाईपुढे सरळ कार्ड धरलं. बाईने कार्ड उलटंसुलटं बघितलं, परत दिलं आणि म्हणाली, "मशीन बिशीन ना गो बाय, पयशे दी."