विमानातले तडे आणि ग्रुपवरचे तज्ज्ञ

घरच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज वाचून काकूंनी काढलेलं तिकीट रद्द केलं. मेसेजचं म्हणणं असं: सांगाड्यात तडा सापडला तरी कंपन्या ‘पुढची तपासणी दहा हजार उड्डाणांनंतर’ असा शेरा मारून विमान सोडतात; म्हणून पंधरा वर्षांहून जुन्या विमानात बसू नका, आणि चढताना बाहेरून तडे बघा.

पहिलीच थाप सगळ्यात घातक. अहो, ही मुदत सापडलेल्या तड्यासाठी नसतेच, ती न सापडलेल्या तड्यावरून काढतात! तपासणाऱ्याच्या हातून निसटेल एवढा तडा आजच तिथे आहे, असं धरूनच हिशेब सुरू होतो. दर उड्डाणात केबिनमध्ये दाब भरतो आणि उतरतो, तसतसा तो तडा वाढतो. धोक्याच्या लांबीला पोचायला समजा २०,००० उड्डाणं लागणार असतील, तर तपासणी १०,००० वर किंवा त्याआधीच लावतात, म्हणजे एकदा चुकला तरी तो पकडायला आणखी एक संधी उरते. सापडलेला तडा बहुधा दुरुस्त होतो नाहीतर भागच बदलतात. काही किरकोळ जागी मर्यादित उड्डाणांची सवलत असते, पण तीही लेखी आणि फेरतपासणीच्या अटीवर.

शिवाय तडा आधी रेंगाळतो आणि शेवटी झपाट्याने पळतो. डोळ्यांना दिसण्याआधीच एडी करंटने, म्हणजे धातूत विजेचे भोवरे उठवून तडा हुडकणाऱ्या तपासणीने, तो पकडता आला, तर हाताशी जास्त उड्डाणं राहतात. मोठी मुदत म्हणजे हलगर्जी, हे कुणी सांगितलं?

वयाचं म्हणाल, तर वर्षं मोजून भागत नाही. १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत उडालं आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. विमान १९ वर्षांचं, पण बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे उड्डाणं झाली होती ८९,६८०. अमेरिकी चौकशी मंडळाच्या अहवालाने जोडांमधली सुटलेली चिकटण आणि तडे न पकडल्याचा ठपका कंपनीच्या देखभालीवर ठेवला.

एक मात्र मान्य करावं लागेल. रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, एकाच ओळीत बारीक तडे पुष्कळ असले की ते एकमेकांना मिळतात आणि एकट्या तड्याचा हिशेब तोकडा पडतो. म्हणून तर २०१० मध्ये अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांच्या सांगाड्याला उड्डाणांची किंवा तासांची कमाल मर्यादा ठरवणं सक्तीचं केलं.

आणि चढताना तडे बघणं? अलोहाच्या त्या विमानात चढताना एका प्रवासी बाईंना तडा दिसला होता, पण त्या कुणालाच बोलल्या नाहीत. तेव्हा दिसला तर क्रूला जरूर सांगा. पण काही दिसलं नाही म्हणजे विमान ठणठणीत, हे कुठून काढलं? जोडात पत्र्यावर पत्रा असतो. खालच्या पत्र्यातला तडा रांगेत उभं राहून दिसत नाही.