तिथीची पाऊणपट

मुलगी जूनमध्ये बंगळुरूला गेली. मुलगा त्याआधीच दोन वर्षं पुण्यात. तेव्हापासून भेटेल ती बाई मला विचारते, "आता दिवसभर करतलंस काय गो?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगते, योगा लाव, भजनाला ये, आता जरा स्वतःसाठी जग. जसं काही इतकी वर्षं मी शेजारणीसाठी जगत होते!

खरं सांगते, मुलगी गेली त्या रात्री मी नऊ वाजता झोपले ती सकाळी साडेसातला उठले. बऱ्याच वर्षांनी अशी झोप लागली. हे कुणाला सांगितलं नाही, कारण आईने असं बोलायचं नसतं. रडले ती तिसऱ्या दिवशी, आणि तेही भर मासळी बाजारात. नेहमीसारखा बांगड्यांचा वाटा पिशवीत टाकला आणि मग डोक्यात प्रकाश पडला की हे खाणार कोण? अर्धा वाटा कुणी देत नाही. मासेवाली माझ्या तोंडाकडे बघत राहिली, "चेडू गेला मां?" म्हणाली, तीन बांगडे उचलून परत टोपलीत टाकले आणि तेवढे पैसे माझ्या हातात ठेवले. तिथे मला आवरेना.

नंतर विचार केला तेव्हा वाटलं, ते रडणं काही सगळं मायेचं नव्हतं. कामावरून कमी केलेल्या माणसाची धास्ती त्यात निम्मी होती. पाळीही त्याच वर्षी बंद झाली, म्हणजे शरीरानेही हिशेब चुकता करून टाकला.

कोकणात घरं रिकामी होणं काही नवीन नाही. माझे सासरे मुंबईला गिरणीत होते. १९८२चा संप झाला, तो लांबला आणि ते गावी परत आले. ते सांगायचे की पहिलं वर्षभर स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटलं. कुठल्या कुणग्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, किती भात होतं, गडी कुठला मिळतो, सोसायटीचं देणं किती, सगळं सासूबाईंच्या डोक्यात. पुढे मुलंही पोटासाठी बाहेर गेली, पण "आता दिवसभर काय करणार" हा प्रश्न सासूबाईंना कुणी विचारला नाही. आमच्या पिढीने मात्र मुलं वाढवणं हीच पूर्णवेळ नोकरी करून टाकली. डबा, क्लास, शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, बारावी. मग एके दिवशी निवृत्ती येणारच, आणि तिला पेन्शन नाही. यात मुलांचा दोष शून्य आहे.

"स्वतःला शोध" वगैरे सल्ले मला पटत नाहीत. मी हरवले नव्हते. मला लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून, त्यावर अंगठीने लिहून नवीन नाव दिलं गेलं. जुनं नाव तीन अक्षरी होतं. इथे लिहीत नाही, माहेरची माणसं वाचत असतील तर त्यांना माहीत आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं, असा राज्य सरकारने निर्णय केला. चांगलंच झालं. पण माझ्यासारखीने कुठलं लावायचं, तांदळातलं की त्याआधीचं?

आता मुद्द्याची गोष्ट. माझं माहेर जैतापूरच्या खाडीवर. बाबा पाग (फेकायचं जाळं) घेऊन निघाले की मी खालूक (मासे ठेवायची टोपली) धरून मागे. त्यांनी मला शाळेत जायच्या आधी एक गणित शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून जरा जास्त उशिरा येतो, पाणीही त्याच्या मागून तसंच. खाडीत आत गेलात की आणखी थोडा वेळ धरायचा. ऑगस्टमध्ये एकदा भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर नुसतीच उभी होते (गॅस कधी संपला ते बघायला गेले होते) आणि तोंडातून आपोआप आलं, चतुर्थी, तीन वाजता भरती. सत्तावीस वर्षं हे गणित मी एकदाही केलं नव्हतं. एका क्षणात आलं. कुठे गेलं नव्हतं तर!

पावसाळा सरल्यावर इथल्या कालावलच्या खाडीत उतरले, तिसऱ्या (वाळूतल्या शिंपल्या) काढायला. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, कमरेला पिशवी बांधून. वाळूत पाय रोवून अंगठ्याने चाचपायचं, कडक लागलं की वाकून बोटं खुपसायची. पहिल्या दिवशी जेमतेम दोन ओंजळी मिळाल्या आणि कालवांच्या शिंपल्याने टाच चिरली. यांचा चेहरा पडला. "लोक म्हणतील, घरात खायला नाही म्हणून बायको खाडीत उतरली." मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तिसऱ्या विकत मिळतात ना?" मिळतात रे बाबा. टाचेवर हळद दाबून मी पुढच्या पंधरवड्यात परत गेले.

तिथे नेहमीच्या चार-पाच बायका असतात. त्यांतल्या सगळ्यात म्हातारीने विचारलं, "तू खंयची गो?" गावात हा प्रश्न आला की मी अमक्यांची सून, तमक्याची आई असं सांगायची. त्या दिवशी तोंडातून "जैतापूरची" निघालं, आणि पाठोपाठ ते तीन अक्षरी नाव. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "जैतापूरची मगे धावतंस कित्याक? सावकाश काढ," एवढंच म्हणाली आणि पुढे सरकली. आता त्या सगळ्या मला त्याच नावाने हाक मारतात.

परवा द्वितीया. दीडला भरती, म्हणजे पावणेआठच्या सुमाराला पाणी पार उतरलेलं असेल. मुलीचा व्हिडिओ कॉल रोज सकाळी आठला असतो. तिला सांगितलंय, परवा रात्री कर.