दांडा वजा जाता

परवा माझं वजन केळीच्या काट्यावर झालं. वाक्य लिहितानाही कानशिलं तापतात, पण झालं ते झालं.

मागचं थोडक्यात सांगतो. डॉक्टर म्हणाले दहा किलो उतरवा, मी मोबाइलमध्ये कॅलरी मोजायचं अ‍ॅप घेतलं, आणि गेले सहा आठवडे स्वयंपाकघरात छोटा तराजू, मापाचा चमचा आणि मी असे तिघंच एकमेकांशी बोलतो. बाकी घर आमच्याशी बोलत नाही. हिशोब म्हणे सोपा आहे. अंगावरची किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० कमी खाल्ल्या की पंधरा-सोळा दिवसांत किलो उतरतो. सहा आठवड्यांत माझे २.७ जायला हवे होते, घरच्या काट्यावर अडीच गेले. ९१चा मी ८८.५ झालो. पहिल्या वर्गात नाही, पण पास.

हे सगळं त्या अ‍ॅपशी भांडून मिळवलंय हो. त्याला कळण्याची भाकरी माहीत नाही. 'कळणा' टाकलं की ते 'केल' दाखवतं, ही कुठलीशी विलायती पालेभाजी. मग मी ज्वारी वेगळी, उडीद वेगळे असं भरत बसतो, तोवर भाकरीचा चामडा होतो. शेवभाजीतली शेव मोजता येते, पण वर तरंगणारी तर्री? ती मोजायची नसते, तिला घाबरायचं असतं. मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात, हे मी हिला सांगितलं तेव्हा मी तिच्या माहेराबद्दल काहीतरी बोललो असावं अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. फोडणी तशीच पडली. फक्त त्या दिवसापासून मला बघून पडते.

तर परवा चोपडा तालुक्यात आतेभावाच्या, म्हणजे नानाच्या, शेतावर भरीत पार्टी होती. कांदेबागाची, म्हणजे पावसाळा सरता लावलेल्या केळीची, काढणी सुरू, ट्रक उभा, आणि बाजूला आमची पंगत. मी मुद्दाम गेलो, कारण वांगं म्हणजे १०० ग्रॅमला जेमतेम २५ कॅलरी. दोन मोठी हिरवी वांगी खाल्ली तरी देव नाराज होणार नाही, असा माझा हिशोब. घरून निघतानाच मी अ‍ॅपमध्ये 'वांगं, ३०० ग्रॅम, ७५' असं भरून ठेवलं होतं. अगोदर भरणारा माणूस किती भोळा असतो!

वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली. साल काळी होऊन सुटली, देठ धरून सोलली, आतला गर वाफाळत लाकडी भांड्यात ठेचला. इथवर सगळं पुण्यकर्म. मग नानानं तेलाचा डबा उचलून कढईवर तिरका केला आणि डबा 'गटक' म्हणाला. मी मोजत होतो. सहा वेळा गटक. एका गटकेत किती चमचे, हे अ‍ॅपमध्ये नाही. वर दाणे पडले, लसूण, मिरची, कांद्याची पात. मी ताटातले दाणे बोटानं बाजूला सारून मोजायला लागलो (१०० ग्रॅम दाणे म्हणजे साडेपाचशेच्या वर कॅलरी, चेष्टा नाही) आणि तिथंच घात झाला. शेजारी मापाडी जेवत होता.

मापाडी म्हणजे केळीच्या घडांचं वजन करून ते मोठ्यानं पुकारणारा माणूस. त्या वजनातून मग घडाच्या दांड्याची घट, म्हणजे कपात, वजा होते. साठीचा, काडीसारखा, डोक्याला उपरणं, कानावर पेन्सिल. त्याच्या ताटात माझ्या तिप्पट भरीत होतं आणि वर पुऱ्या.

"भाऊ, काय मोजी राहिनात?"

"दाणे."

तो घास थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "दाना मोजीसन खातस का कोनी?"

मी त्याला समजावलं. कॅलरी, चरबी, ७७००, अडीच किलो उतरले. माझी चूक हीच. त्यानं हात धुतले आणि उभा राहिला. "या, चढा काटावर. मना काटा खोटा नही, भाऊ."

जेवण झालेलं, पोटात पाण्याचा तांब्या, अंगात स्वेटर, पायात बूट, खिशात मोबाइल. मी बूट काढू लागलो तर म्हणाला, "बूट काढीसन काय व्हई? घड बी मातीसंगे येस." यावर उत्तर नव्हतं. चढलो. लाल आकडे नाचले, थांबले, आणि त्यानं घड पुकारायच्या त्याच लांबलचक सुरात पुकारलं, "ब्याण्णवऽऽ तीनशेऽऽ!"

घड डोक्यावर घेऊन उभे असलेले पाच मजूर वळले. मापाड्यानं पेन्सिल काढली, वहीत ९२.३ लिहिलं आणि अत्यंत गंभीरपणे जाहीर केलं, "दांडा वजा कराना ऱ्हायना."

हशा असा पिकला की ट्रकमधला ड्रायव्हर उठून बसला. माझ्यातला दांडा कोणता, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

मी नानाकडे तक्रार केली की स्वेटर-बुटांचंच दीड किलो असेल, पाण्याचं वेगळं. नाना हसला नाही. म्हणाला, "तुझ्या बुटांचं काय घेऊन बसलास? आमच्या घडाचं रोज असंच होतं. काटा दुसऱ्याचा, वही दुसऱ्याची, आणि घट कापायची आमच्यातून." मग मी गप्प बसलो. त्याच्यासमोर माझं रडगाणं गायला लाज वाटली. पण राग गेला नाही, हेही खरं. अडीच किलो उतरवायला मी सहा आठवडे रात्री भुकेला झोपलोय. आणि गावात एक जण विचारतो "काय रे, आजारी होतास का?", तर दुसरा त्याच दिवशी म्हणतो "काहीच फरक नाही बुवा." माझं पोट ही सार्वजनिक विहीर आहे काय, की येता-जाता प्रत्येकानं वाकून पाणी किती ते बघावं? आणि आग्रह करकरून तिसरी पुरी वाढणारेही हेच लोक.

दोन वर्षांपासून माझ्याकडे न बघितलेल्या पुतण्यानं त्या वहीच्या पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. वर २४.१, खाली २२.८, मधे मी. आत्यानं त्याखाली हात जोडलेलं चित्र टाकलंय, का ते विचारू नका.

पण खरी गोष्ट काल कळली. नानाचा फोन आला. व्यापाऱ्यानं वहीची बेरीज केली तेव्हा ती ओळ खोडायची कुणाच्या लक्षातच आली नाही. मी त्या दिवशीच्या भावानं विकला गेलो.

"मग परत करणार का पैसे?" मी विचारलं.

"करतो की. पण तुझे पूर्ण पैसे आलेच नाहीत."

"का?"

"दांड्याची घट तुझ्यातूनही कापलीय."

मी ताबडतोब विचारलं, किती किलो?