स्टोची बाग ‘300 वर्षं जशीच्या तशी’? कोणी सांगितलं?

इंग्लंडमधल्या स्टो इथल्या बागेबद्दलचा एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. परवा आत्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर ‘शिका काहीतरी!’ असा शेराही मारला. मजकूर असा: बकिंगहॅमशरमधली ही बाग एकाच घराण्याने 300 वर्षं जपली, एक दगड हलू दिला नाही, केपॅबिलिटी ब्राउन नावाच्या एकट्या माळ्याने निसर्गाला धक्का न लावता ती घडवली, प्रवेश मोफत, आणि अशी जपणूक आपल्या रक्तातच नाही. आत्याला फोनवर सांगून पाहिलं, तर म्हणे, ‘फोटो तर खरे आहेत ना?’ म्हणून हे लिहिणं आलं.

आधी ते रक्त बघू. टेंपल घराण्याने सोळाव्या शतकात ही जमीन घेतली, इथवर ठीक. पण याच घराण्यातल्या दुसऱ्या ड्यूकने 1845 मध्ये राणी व्हिक्टोरियाची थाटात सरबराई केली आणि दोन-तीन वर्षांत दिवाळं काढलं. कर्ज दहा लाख पौंडांच्या वर. 1848 मध्ये वाड्यातल्या चीजवस्तूंचा लिलाव पुकारला गेला, तो 40 दिवस चालला! त्याचा मुलगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. चेन्नईतला बकिंगहॅम कालवा त्याच्याच नावाचा. त्याला मुलगा नव्हता. मग फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगणारा एक काउंट तिथे भाड्याने राहिला. 1921 मध्ये पुन्हा लिलाव झाला आणि घराण्याचा संबंध संपला. 1923 मध्ये वाड्यात शाळा सुरू झाली, ती अजून आहे. बाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली ती थेट 1989 मध्ये.

‘एक दगड हलला नाही’ म्हणे! शिल्पकार रिसब्रॅकने घडवलेल्या सॅक्सन (इंग्लंडमधल्या जुन्या जर्मानिक लोकांच्या) देवतांपैकी सुन्ना आणि थूनर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. बागेत आहेत त्या नकला. तेव्हा आत्या, फोटो खरे, मूर्ती नकली.

बागेचा आराखडाही कधी स्थिर नव्हता. जवळच्या बकिंगहॅम गावातल्या बेंटन सीली नावाच्या मास्तरांनी 1744 मध्ये या बागेची मार्गदर्शक पुस्तिका छापली आणि पुढे तिच्या नव्यानव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या, कारण मालक गप्प बसत नव्हते. शोभेची देवळं पाडली, हलवली, नवी बांधली. ब्रिजमन या उद्यानरचनाकाराने चांगलं रेखीव आठ कोनांचं तळं केलं होतं. नंतर त्याचे कोन मोडून काठ वेडेवाकडे केले, ‘नैसर्गिक’ दिसावं म्हणून. विल्यम केंट या रचनाकाराने 1730च्या दशकात बागेतल्या एका दरीत देवळं मांडली. ब्राउन आला 1741 मध्ये, म्हणजे आयत्या बिळावर नाही म्हणणार मी, पण एकटा तर नक्कीच नव्हता.

आणि निसर्गाला धक्का न लावता? ब्राउनच्या काळात बागेतल्या ग्रीशियन व्हॅली नावाच्या दरीसाठी सुमारे 23,500 घनयार्ड माती उपसली, सगळी कुदळ-फावड्यांनी आणि गाड्यांनी. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण उद्यान वाढवण्याच्या नादात मूळचं स्टो गावच उठलं. उरलं फक्त चर्च, आणि तेही झाडांच्या आड असं दडलंय की फोटोत यायला नको. ब्राउनचं स्वतःचं लग्न 1744 मध्ये त्याच चर्चमध्ये लागलं. ज्यांची घरं गेली त्यांचा फॉरवर्डमध्ये एका शब्दानेही उल्लेख नाही, आणि आम्ही मात्र ‘वाह, किती शांत’ म्हणून अंगठे दाखवतोय.

एक मान्य, नाइलाजाने: गेल्या तीसेक वर्षांतलं जीर्णोद्धाराचं काम खरंच चिकाटीचं आहे, आणि बाग बघायला येणाऱ्यांची सोय तिथे फार जुनी आहे, टेंपल घराण्यातल्या तेव्हाच्या मालकाने, लॉर्ड कोबमने, 1717 मध्ये पाहुण्यांसाठी खास खाणावळ बांधली होती. पण हे संस्थेचं, पैशाचं आणि वर्गणीचं काम आहे. रक्ताने काय केलं ते वर आलंच.

राहिला मोफत प्रवेश. तोही नाही. नॅशनल ट्रस्टचं तिकीट लागतं. सभासद असाल तर नाही.