'वळणे' कन्नडमधून आले, या दाव्याचा प्रतिवाद

सांगली, मिरज आणि जत भागात सध्या एक संदेश मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे असे की, 'वळणे' हे क्रियापद मराठीने कन्नडमधून उचलले, कारण त्यातला 'ळ' संस्कृतात नाही. दोर किंवा लाडू 'वळणे' हा शब्द रस्ता 'वळणे' याहून अगदी निराळा आहे. अक्षराचे 'वळण' ही इंग्रजी अमदानीत भाषांतराने आलेली कल्पना आहे. आणि पैसे 'वळते करणे' हा कचेऱ्यांनी रूढ केलेला अशुद्ध प्रयोग आहे. संदेश इतक्या ठामपणे लिहिलेला आहे की वाचणाऱ्याला शंकाही येऊ नये, म्हणूनच त्याची दखल घेणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा 'ळ'चा. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकेरी 'ल' मराठीत येताना नेमाने 'ळ' होतो: फल-फळ, कमल-कमळ, मूल-मूळ, काल-काळ. जिथे तो 'ल' जोडाक्षरात होता तिथे मात्र तो 'ल'च राहिला; 'फुल्ल'पासून 'फूल' झाले आणि 'कल्य'पासून, प्राकृत 'कल्ल'मार्गे, आदल्या दिवसाचा 'काल' आला. याच नियमाने संस्कृत 'वल्' या धातूपासून प्राकृतात 'वलइ' आणि मराठीत 'वळे, वळतो' ही रूपे सिद्ध होतात. त्याच धातूच्या कुळातले 'वलय' आणि 'वलन' हे शब्द संस्कृतात सुस्थिर आहेत. सूर्यसिद्धान्तात ग्रहणाच्या गणितात येणारे 'वलन' म्हणजे दिशेतला कोनात्मक फरकच होय. गुजरातीतही 'वळवुं' हे क्रियापद 'ळ'सकट याच अर्थाने नांदते, आणि गुजरातला कर्नाटकाची सीमा लागत नाही.

याहून निर्णायक पुरावा शब्दाच्या पहिल्या अक्षरात आहे. द्राविडी भाषांतला शब्दारंभीचा 'व' कन्नडमध्ये 'ब' झालेला आहे. 'ये' या अर्थी तमिळ 'वा' म्हणतो, कन्नड 'बा' म्हणतो, आणि हा 'बा' जत तालुक्यात कोणीही रोज ऐकतो. वाकणे आणि बांगडी या अर्थांचा तमिळ शब्द 'वळै' आहे, तर बांगडीला कन्नडमध्ये 'बळे' म्हणतात. मराठीने हा शब्द शेजारच्या कन्नडमधून घेतला असता, तर आपण आज 'बळणे' म्हणत असतो. संस्कृत 'वल्' आणि तमिळ 'वळै' यांचे फार प्राचीन काळी काही नाते असावे का, ही चर्चा भाषाशास्त्रात आहे आणि ती आदराने ऐकण्यासारखी आहे. पण तो प्रश्न संस्कृतच्या जडणघडणीचा आहे, सांगलीच्या सीमेचा नव्हे. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का असे कितीतरी शब्द आपण कन्नडकडून घेतले आहेत आणि ते ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही. मात्र जे ऋण घेतलेलेच नाही, ते कन्नडच्या प्रेमापोटीसुद्धा खात्यावर मांडू नये.

दुसऱ्या मुद्द्याला व्याकरणाचा आधार दिलेला आहे, तो असा की 'गाडी वळली' हे अकर्मक आणि 'त्याने दोर वळला' हे सकर्मक, तेव्हा क्रियापदे दोन. हा निकष लावला तर 'दार उघडले' आणि 'तिने दार उघडले', 'हौद भरला' आणि 'त्याने हौद भरला' यांतही दोन-दोन क्रियापदे मानावी लागतील. वस्तुतः अर्थ कसा सरकला हे हातांकडे पाहिले की कळते. बेंदराच्या आधी बैलांसाठी कासरा वळणारा माणूस वाखाचे दोन पेड तळव्याखाली धरून पुढे सारतो, तेव्हा प्रत्येक पेड स्वतःभोवती एका दिशेने फिरतो. मग तो दोन्ही पेड उलट दिशेने एकमेकांभोवती घेतो, आणि त्या दोन विरुद्ध फिरण्यांच्या ओढीमुळेच दोर सुटत नाही. लाडू वळताना, वात वळताना हेच गोल फिरवणे असते. गुरे वळणाऱ्याचे कामही परक्याच्या रानात शिरू पाहणारे जनावर मागे फिरवण्याचेच असते. महाबळेश्वराहून सह्याद्रीच्या कडेने दक्षिणेकडे येणारी कोयना हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते, तिथले 'वळणे' आणि कासऱ्याचे 'वळणे' यांत फरक एवढाच की नदी स्वतः दिशा बदलते आणि वाखाला ती बदलायला लावावी लागते.

अक्षराच्या वळणाबद्दल थोडक्यात सांगता येईल. इंग्रजीत हस्ताक्षराला 'हँड' म्हणतात, 'टर्न' म्हणत नाहीत. मग हे भाषांतर कशाचे? साताऱ्याच्या छत्रपतींचा कारभार ज्या मोडीत चाले, ती बोरू शक्यतो न उचलता लिहायची लिपी असल्याने तिचे सौंदर्य रेघ कुठे आणि कशी फिरते यावरच अवलंबून असते. लिहिणाऱ्याच्या हाताला ज्या दिशेची सवय जडते ते त्याचे वळण, आणि हाताच्या सवयीवरून स्वभावाच्या सवयीकडे हा शब्द जाणे स्वाभाविक आहे. 'वळणाचे पाणी वळणावर जाते' या म्हणीत दिशा आणि स्वभाव हे दोन्ही अर्थ एकत्रच आहेत.

राहिला 'वळते करणे' हा प्रयोग. कारखाना ऊसबिल काढतो, तेव्हा विकास सोसायटीच्या पीककर्जाचे हप्ते त्यातून वळते करून घेतले जातात आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते. जो पैसा एकाकडे जायचा तो वाटेतच दुसरीकडे नेला, एवढेच त्या शब्दात सांगितलेले आहे. त्याला अशुद्ध ठरवायचे असेल, तर पाटाचे पाणी दुसऱ्या सरीत वळवणाऱ्या शेतकऱ्याचे बोलणेही अशुद्ध ठरवावे लागेल.