सशाला माणसांचा औषधांचा डबा चालत नाही

सशासाठी वेगळी प्रथमोपचार पेटी करायची गरजच नाही, घरातल्या औषधांच्या डब्यात सगळं असतं, असं सांगणारा एक निरोप दर काही महिन्यांनी माझ्या फोनवर येतो. त्यात सात सूचना आहेत. खाणं सोडलं तर एक दिवस उपास पडू द्या, मग भाताची पेज पाजा. अंग गरम लागलं तर लहान मुलांचं तापाचं औषध अर्ध्या मापाने द्या. जखम झाली तर डेटॉलने धुवा आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक सुरू करा. अळ्या पडल्या तर टर्पेंटाइन, पिसवा झाल्या तर कुत्र्याचा स्प्रे. ऊन लागलं तर गार पाण्यात बुडवा. नखातून रक्त आलं तर हळद दाबा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला ठाऊक आहे. पण या सातांपैकी एकच सूचना निभावून जाण्यासारखी आहे. बाकीच्यांनी ससा दगावू शकतो, म्हणून एकेक घेऊन लिहिते आहे.

‘एक दिवस उपास पडू द्या’

सगळ्यात घातक सूचना हीच, आणि सगळ्यात पटणारीही. आपल्याकडे पोट बिघडलं की लंघन, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. माणसाच्या पोटाला विश्रांती मिळते हे खरं. सशाच्या पोटाला विश्रांती हा प्रकारच नाही. त्याच्या भल्यामोठ्या अंधनालात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जंतूंची एक अख्खी वस्ती चारा आंबवत असते आणि तिला दिवसरात्र तंतुमय खाणं लागतं. खाणं थांबलं की आतड्यांची हालचाल मंदावते, आतला माल सुकतो, वायू तयार करणारे जंतू माजतात. वायूने पोट दुखतं आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. त्याला उलटीही होत नाही, म्हणजे वरून बाहेर टाकायची सोय नाही. म्हणून सशाने आठ-दहा तास काही खाल्लं नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ समजायची. उद्या सकाळी बघू असं म्हणायचं नाही.

हे मी माझ्या सशामुळे, कापशीमुळे, शिकले. लक्ष्मीपूजनाची रात्र होती. खालच्या मैदानात फटाक्यांच्या माळा लागत होत्या, म्हणून तिला आतल्या खोलीत आणून ठेवलं होतं. रात्री तिने कोथिंबिरीला तोंड लावलं नाही. घाबरली असेल, असं आम्ही म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, ‘राहू दे गं, पोटाला आराम पडेल.’ पहाटे ट्रे पाहिला तर कोरडा, स्वच्छ. एरवी रात्रभरात वाटाण्याएवढ्या, गोल, गवताच्या भुशाच्या लेंड्यांनी तो भरलेला असायचा. त्या दिवशी कोपऱ्यात चारच होत्या, मिऱ्याएवढ्या आणि केसाने एकमेकींत ओवलेल्या. ती पाय पोटाशी घेऊन बसली होती, दात करकर वाजत होते आणि कान हाताला गार लागत होते. पहिल्या दवाखान्यात ‘आम्ही कुत्री-मांजरंच बघतो’ असं सांगितलं. दुसरीकडे पोहोचलो तेव्हा तिचं तापमान ३७.४ होतं. ऊब, सलाईन, वेदनाशामक आणि दर काही तासांनी सिरिंजने खाणं, असे दोन दिवस गेले तेव्हा पहिली धड लेंडी पडली. मी ती तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवत फिरले.

त्या डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली आणि ती मी प्रत्येक ससेवाल्याला सांगते. सिरिंजने भरवणं हा उपाय सुस्तावलेल्या आतड्यावर आहे. पोट ढोलासारखं टणक आणि फुगलेलं लागत असेल, ससा काही तासांतच एकदम कोसळला असेल, तर आत अडथळा असू शकतो. तेव्हा तोंडातून काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

पेजेचं काय? पेज म्हणजे पिष्ट. ज्या जंतूंनी पोट फुगवलंय, त्यांनाच ती खाऊ घालते. त्याऐवजी सशांना भरवायची गवताची तयार पावडर मिळते, ती पेटीत हवी. ती नसेल तर नेहमीचे पेलेट, म्हणजे सशाच्या खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून अगदी मऊ वाटून घ्यायचे. ससा चारी पायांवर बसलेला असतानाच, पुढच्या दातांमागची मोकळी जागा असते तिथून, गालाच्या बाजूने, अर्धा-अर्धा मिली द्यायचं आणि त्याने चावून गिळेपर्यंत थांबायचं. बाळासारखं उताणं घेऊन पाजलं तर अन्न श्वासनलिकेत जातं.

लहान बाळांच्या वायूसाठी मिळणारे सिमेथिकोनचे थेंब पुष्कळ जण ठेवतात. त्यांनी अपाय होत नाही, पण बंद पडलेलं आतडं त्यांनी चालू होत नाही. थेंब दिलेत म्हणून दवाखाना पुढे ढकलू नका.

‘अंग गरम लागलं तर तापाचं औषध’

निरोगी सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. आपलं ३७. म्हणजे धडधाकट ससा उचलला तरी तो हाताला ‘तापलेला’ लागणार. उलट आजारी ससा बहुतेक वेळा गार पडत जातो आणि ३८च्या खाली जाणं ही काळजीची खूण आहे. म्हणजे हे औषध बऱ्याचदा नसलेल्या तापावर दिलं जातं. त्यात आयब्युप्रोफेन मिसळलेलं असेल तर पाणी कमी झालेल्या जनावराच्या जठराला आणि मूत्रपिंडांना ते झेपत नाही. सशांना वेदनाशामक लागतं, तातडीने लागतं, पण ते कुठलं आणि किती हे वजनावर ठरतं आणि डॉक्टरांनी ठरवायचं. ‘मुलाच्या अर्धं’ हे माप दीड-दोन किलोच्या जिवाला लावायचं कसं?

औषधापेक्षा ऊब आधी द्यायची. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या मोज्यात घालायची आणि सशाशेजारी ठेवायची, अशी की त्याला नको झाली तर सरकता येईल. पेटीतला तो मोजा माझ्याकडे सगळ्यात जास्त वापरला गेलाय. डिजिटल थर्मामीटरही ठेवा, पण तो गुदद्वारातून लावायचा असतो आणि धडपडणाऱ्या सशाला इजा होते. डॉक्टरांकडून एकदा हातात हात घेऊन शिका, तोवर कानांना हात लावून बघा.

‘उरलेलं अँटिबायोटिक सुरू करा’

इथे मला राग येतो, कारण आमच्याच इमारतीतला एक ससा असा गेला. मांजरीने ओरबाडलं, घरात अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या होत्या, चुरून दिल्या. दोन दिवसांनी जुलाब सुरू झाले आणि चौथ्या दिवशी तो नव्हता. त्या घरातली शाळकरी मुलगी आजही विचारते की जखम तर भरत आली होती, मग काय झालं.

झालं ते असं. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, तसंच क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन सशाच्या अंधनालातले उपयोगी जंतू मारतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू वाढतात आणि विष सोडतात. त्या विषाने ससा मरतो, जखमेने नाही. आणि असंही नाही की हे औषधच सशाला वर्ज्य आहे: पेनिसिलिनचं इंजेक्शन पशुवैद्य सशांना देतात, कारण त्या वाटेने ते आतड्यातल्या वस्तीला तेवढं छळत नाही. तेच औषध, वाट वेगळी. हे घरात बसून ठरवता येत नाही. म्हणून पेटीत एकही अँटिबायोटिक ठेवू नका, आधीच्या आजारातलं उरलेलंसुद्धा नाही. डोळ्यांचे थेंबही नकोत. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर ओरखडा असेल तर डोळा जाऊ शकतो, शिवाय सशांना स्टेरॉइड एकूणच सोसत नाही.

‘डेटॉलने धुवा’

सशाची कातडी पातळ असते आणि तो स्वतःला सतत चाटतो. कातडीवर लावलेलं सगळं तासाभरात पोटात जातं. उग्र जंतुनाशक, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, काहीच नको. औषधाच्या दुकानात नॉर्मल सलाईनची छोटी बाटली मिळते, तिने जखम धुवायची. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पातळ कोऱ्या चहाच्या रंगाएवढं पाणी घालून. कापसाचे तंतू जखमेत अडकतात, म्हणून कापूस नको, गॉज, म्हणजे जखमेवरचं जाळीदार कापड, हवा. मांजराचा दात लागला असेल तर छिद्र टाचणीएवढं दिसलं तरी त्याच दिवशी दाखवा, कारण घाण आत खोल गेलेली असते.

आणि पाय मोडल्यासारखा वाटला तर आइस्क्रीमची काडी बांधू नका. सशाची हाडं हलकी आणि मागचे पाय कमालीचे जोरकस. धरून ठेवताना त्याने लाथ मारली तर त्याच्याच जोराने कणा मोडतो. मोठ्या सुती पंच्यात गुंडाळून, खालून आधार देऊन पिंजऱ्यात ठेवा आणि निघा.

‘अळ्यांवर टर्पेंटाइन, पिसवांवर कुत्र्याचा स्प्रे’

गुरांच्या जखमेत अळ्या पडल्या की टर्पेंटाइनचा बोळा घालायची रीत गावोगाव आहे, तिथून ही सूचना आली असावी. बैलाची कातडी आणि सशाची कातडी यांत तुलना नाही. पावसाळ्यात, विशेषतः शेपटीखाली ओलं राहणाऱ्या, जाड झालेल्या किंवा म्हाताऱ्या सशाला हिरव्या माशा अंडी घालतात. तांदळाच्या कणीसारखी दिसणारी ती अंडी दमट हवेत काही तासांत फुटतात आणि अळ्या जिवंत मांस खात आत शिरतात. म्हणून जून ते सप्टेंबर रोज दोनदा शेपटीखाली बघायचं. दिसल्या तर चिमट्याने जमतील तेवढ्या काढत दवाखान्याकडे निघायचं. आंघोळ घालायची नाही, कारण ओले केस माशांना आणखी बोलावतात आणि दवाखान्यात मशीनने कापताही येत नाहीत.

गोचीड-पिसवांच्या स्प्रेबद्दल एकच: डब्यावर ‘फिप्रोनिल’ लिहिलेलं असेल तर तो सशावर मारायचा नाही. त्याने ससे झटके येऊन मेलेले आहेत. कुत्रा आणि ससा एकाच घरात असतील तर स्प्रे मारलेला कुत्रा वाळेपर्यंत सशाजवळ नको. खरुज किंवा कानात खपल्या दिसल्या तर त्या खरवडून काढू नका. खाली कच्चं मांस असतं आणि त्याचं इंजेक्शन डॉक्टरांकडे आहे.

‘ऊन लागलं तर गार पाण्यात बुडवा’

सशाला घाम येत नाही, तो उष्णता कानांवाटे टाकतो. २८ अंशांच्या वरच त्याला त्रास सुरू होतो, मग विदर्भातला मे महिना काय असेल याचा विचार करा. पण बादलीत बुडवल्याने त्याला धक्का बसतो, आणि तो दाट केसांचा अंगरखा पुढे तासन्‌तास ओला राहतो. सावलीत आणा, कान साध्या पाण्याने ओले करा, पंखा लावा पण झोत अंगावर नको, फ्रीजरमध्ये गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. उन्हाळाभर अशा दोन बाटल्या फ्रीजरमध्ये असाव्यात. त्यांनाही मी पेटीचाच भाग मानते. ससा नाकानेच श्वास घेतो. तो तोंड उघडून धापा टाकताना दिसला तर कान ओले करता करताच रिक्षा बोलवा.

‘नखाला हळद’

ही चालेल. फक्त कॉर्नफ्लोअर जास्त बरं. गॉजवर घेऊन नखाच्या टोकावर पाच मिनिटं दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. खोल जखमेत मात्र हळद किंवा कुठलीच पूड भरू नका, डॉक्टरांना आतलं काही दिसत नाही.

मग पेटीत ठेवायचं काय? सुई नसलेल्या १ आणि १० मिलीच्या सिरिंजा, भरवायची पावडर, सलाईन, गॉज, कॉर्नफ्लोअर, चिमटा, बोथट टोकाची कात्री, नखकटर, काळ्या नखांतली रक्तवाहिनी दिसायला छोटी टॉर्च, थर्मामीटर, पंचा, मोजा. याखेरीज किचनचा वजनकाटा, कारण ससा दुखणं लपवतो पण वजन लपवू शकत नाही. सगळं मिळून बुटाच्या खोक्यात मावतं.

यातलं काहीही ससा बरा करण्यासाठी नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो ऊबदार आणि जिवंत राहावा, एवढंच या पेटीचं काम. म्हणून दवाखाना आधी शोधून ठेवा. ससा ठणठणीत असताना फोन करा आणि सरळ विचारा: ससे बघता का, रोज किती बघता, रात्री आणि सणाच्या दिवशी कोण असतं? मुंबईत कुणीही पटकन परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचं नाव सांगेल, पण तिथेही निघण्याआधी फोन करून त्या वेळी सशाचं बघणारं कोणी आहे का ते विचारून घ्या. एका दवाखान्यावर थांबू नका, दुसरा नंबरही हवा.

माझ्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दोन दवाखान्यांचे नंबर, खाली ‘अमॉक्सिसिलिन तोंडाने नाही, फिप्रोनिल नाही’ असं ठळक अक्षरांत, म्हणजे मी घरी नसताना सासूबाईंनाही सापडेल. आणि त्याखाली दर रविवारी घेतलेलं कापशीचं वजन. शेवटचा आकडा १,७६० ग्रॅम आहे.