मामाचे प्लायवूड आणि इतिहादचे विमान

आपण मँचेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबचे चाहते असाल, आणि तेही बेळगावच्या शहापूर, अनगोळ किंवा टिळकवाडीत राहून असाल, तर आता नुसत्या चेंडूकडे पाहून भागणार नाही, हे आधी ध्यानात घ्या. शनिवारी रात्री साडेआठला दूरदर्शन संचापुढे बसून सामना पाहणे हे हौशी लोकांचे काम झाले. निष्ठावंताने सिटी आणि प्रीमियर लीग (इंग्लंडच्या वीस अव्वल क्लबांची स्पर्धा) यांच्यातल्या प्रायोजकत्वाच्या तंट्यावरचे लवादाचे निकालपत्र जवळ बाळगावयाचे असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल १७५ पानांचा आहे आणि तो वाचण्याची मुळीच आवश्यकता नाही, कारण वाचलेल्या माणसाचे मत डळमळीत होते आणि गोवावेसच्या चहाच्या गाड्यावर डळमळीत मताला कोणी दुसरा कप पाजत नाही.

प्रथम वादाचे मूळ समजून घ्या, म्हणजे ते सोयीनुसार विसरता येईल. २००८ साली अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांच्या समूहाने सिटी विकत घेतली. पुढच्याच वर्षी अबू धाबीच्याच इतिहाद विमान कंपनीचे नाव खेळाडूंच्या छातीवर आले आणि २०११ मध्ये ते मैदानालाही मिळाले. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी निधीच्या पुढाकाराने न्यूकॅसल हा क्लब विकत घेतला गेला आणि दोन महिन्यांत, डिसेंबरमध्ये, प्रीमियर लीगने नियम आणला की मालकाशी संलग्न असलेल्या कंपनीने क्लबला प्रायोजकत्व दिल्यास ती रक्कम ‘रास्त बाजारमूल्या’इतकीच असली पाहिजे. आपण नियमाच्या बाजूचे असाल तर या दोन महिन्यांचा उल्लेख चुकूनही करू नका. नियम तत्त्वासाठी झाला, असे म्हणा आणि लगेच चहा मागवा.

‘संलग्न पक्ष’ म्हणजे काय, हे लंडनच्या वकिलांकडून समजून घेण्याची बेळगावकराला गरज नाही. आमच्या गल्लीच्या फुटबॉल संघाच्या कप्तानाचे मामा प्लायवूडचे दुकान चालवतात. मागल्या हंगामात त्यांनी जर्सीच्या पाठीवर आपल्या दुकानाचे नाव घालण्यासाठी चाळीस हजार रुपये दिले. लेले मैदानाच्या कडेला, मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून, शेजारच्या गल्लीने आक्षेप घेतला की त्या नावाची बाजारातली किंमत पाच हजारांच्या वर जात नाही आणि उरलेले पस्तीस हजार ही जाहिरात नसून भाचेप्रेम आहे. कप्तान उसळून म्हणाला, “काय बोलुलालास रे? दुकान मामाचं, पैसा मामाचा, मग भाव दुसरा कोण ठरवणार?” प्रीमियर लीगमधला सारा तंटा या एका वाक्यात आला, पण ते सांगण्यासाठी कप्तानाने तासाचे शुल्क लावले नाही, म्हणून त्याला कोणी विधिज्ञ म्हणत नाही. (जाता जाता: पहिल्याच धुण्यात जर्सीवरचे ‘वूड’ उडाले आणि उरलेला हंगाम आमचे अकरा जण पाठीवर ‘प्लाय’ घेऊन खेळले. तेव्हा रास्त बाजारमूल्य धुण्याआधीचे की नंतरचे, हा प्रश्न लवादाने हाताळलेला नाही. पाटीवर साठ टक्के कन्नड हवे हा नियम माणसाच्या पाठीलाही लागू होतो का, हे विचारण्याचे धाडस आम्ही केले नाही.)

आता आपण सिटीच्या प्रतिस्पर्धी आर्सेनलचे चाहते आहात असे समजू. आपले काम अधिक नाजूक आहे. आर्सेनल, ब्रायटन, एव्हर्टन यांसारख्या क्लबांना मालकांनी मोठमोठी कर्जे दिली आणि बँकेकडून घ्यावी लागली असती तर जे व्याज पडले असते, ते डिसेंबर २०२१च्या नियमांत कोठेच मोजले गेले नाही. म्हणजे मामांनी चाळीस हजार जाहिरातीचे म्हणून दिले तर चौकशी, आणि तेच हातउसने म्हणून बिनव्याजी दिले तर घरगुती बाब. लवादाने नेमके यावर बोट ठेवले: कर्जे वगळून केलेले हे नियम स्पर्धा कायद्याच्या विरुद्ध आहेत. अशा प्रसंगी आपण शांतपणे सांगावे की मालकाचे कर्ज ही वडिलांची माया असते आणि मालकाच्या विमान कंपनीचा धनादेश ही लबाडी असते. ऐकणारा गोंधळला तर आपण अर्धे जिंकलातच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हेच नियम आणखी कडक करण्यात आले. त्या वेळी बारा क्लब बाजूने होते, सहा विरुद्ध आणि दोघांनी मतच दिले नाही. सिटीने त्याविरुद्ध लवादापुढे दाद मागताना ‘बहुमताची जुलूमशाही’ असा शब्दप्रयोग केला. हे शब्द वाचून सीमाभागातल्या मराठी माणसाला गहिवरून आले असेल, तर त्यात नवल नाही. बहुमताचा जाच काय असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फरक एवढाच की आपल्या बाजूने उभे राहायला तेलाच्या विहिरी नाहीत.

निकालाच्या दिवशी कसे वागावे, हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. लवादाने सिटीचे बरेच आक्षेप फेटाळले आणि नियमांमागचा हेतू मान्य केला. त्याच वेळी नियम मात्र बेकायदा ठरवले, आणि इतिहाद व फर्स्ट अबू धाबी बँक यांच्या प्रायोजकत्व करारांवरचे लीगचे निर्णयही रद्द केले, कारण लीगने ज्या तुलनेवरून भाव ठरवला ती माहिती सिटीला वेळेवर दाखवलीच नव्हती. अर्थातच दोन्ही पक्षांनी आपण जिंकल्याचे जाहीर केले. इतर गावचे चाहते या ठिकाणी गोंधळतात. आपण गोंधळू नये. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल एका राज्यात अखेरचा शब्द आणि दुसऱ्या राज्यात रद्दी कागद समजला जातो, आणि या दोन्हींच्या मध्ये आपले बालपण गेले आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या सीमादाव्याच्या तारखा मोजत ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांना लंडनचा एक लवाद काय घाबरवणार? उलट त्या लोकांनी जूनमध्ये सुनावणी करून ऑक्टोबरात निकाल लोकांपुढे ठेवला, ही घाई आपल्याला थोडी असभ्यच वाटली पाहिजे.

आपण सिटीचे विरोधक असाल तर या खटल्यात लीगने सिटीवर ठेवलेले, आर्थिक नियम मोडल्याचे आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झालेले ११५ आरोप अवश्य मिसळा. ते प्रकरण निराळे, त्याची सुनावणी निराळी, हे ठाऊक असले तरी मिसळा. मिसळ ही खाण्याचीच वस्तू आहे असे कोणी सांगितले? सिटीचे समर्थक असाल तर आपल्यापुढे याहून तेजस्वी आदर्श आहे. ते आरोप जाहीर झाल्यावर आठवड्याच्या आत सिटीच्या प्रेक्षकांनी मैदानात मोठा फलक झळकवला, आणि त्यावर कोणी गोल करणारा नव्हता, तर लॉर्ड पॅनिक हे क्लबचे वकील होते. पूर्वी पोरे भिंतीवर खेळाडूंची चित्रे लावीत. आपल्या चिरंजिवांच्या खोलीत आता काळ्या डगल्याची जागा करून ठेवा. ते पुढे कायद्याच्या महाविद्यालयात गेले तर खर्च वाया जाणार नाही.

पुढचे तपशील झटपट सांगतो, कारण इथवर बहुतेक चाहते दमलेले असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुधारित नियम सोळा विरुद्ध चार मतांनी संमत झाले; सिटीबरोबर न्यूकॅसल, अ‍ॅस्टन व्हिला आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट विरोधात राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये लवादाने जुने नियम मुळातूनच रद्दबातल ठरवले. दरम्यान सिटीने नव्या नियमांनाही आव्हान दिले होते. आणि ८ सप्टेंबर २०२५ रोजी अचानक तडजोड झाली: चालू नियम वैध व बंधनकारक आहेत हे सिटीने मान्य केले, कारवाई मागे घेतली, आणि या विषयावर यापुढे कोणीही काही बोलणार नाही असे उभयतांनी ठरवले.

हा शेवटचा करार आपल्यावर बंधनकारक नाही, हे विसरू नका. ज्यांचे पैसे होते ते गप्प बसले. आपला एक रुपयाही अडकलेला नसल्यामुळे आपण रात्री अकरापर्यंत बोलू शकतो, आणि बोललेच पाहिजे. तडजोड म्हणजे सिटीची शरणागती, असे निम्म्यांनी म्हणावे. उरलेल्यांनी डोळा बारीक करून, आत काहीतरी निराळेच ठरले आहे, एवढेच पुटपुटावे. पुरावा मागणाऱ्याला पुढल्या बैठकीस बोलावू नये.

आमच्या गल्लीतला वादही असाच मिटला. शेजारच्या गल्लीने आक्षेप मागे घेतला, कारण त्यांच्या गोलरक्षकाच्या आत्येभावाने नुकतेच टाइल्सचे दुकान काढले आहे. यंदा मामांनी आपले नाव छापून न घेता जाड दोऱ्याने शिवून घेतले आहे, आणि शिलाईचे तीन हजार कप्तानाला हातउसने दिले आहेत.